दगड विरघळेपर्यंत

लोकांच्या मुली लांब जाऊन काय काय करतात. माझी दगड विरघळवते! शेजारीण रोज विचारते, "अजून नाही का विरघळला?" मी म्हणते, "तुमच्या डोक्यात घालायला ठेवलाय."

लेकीनं फोनवर मला सगळं समजावलंय. दगडाची पूड नळीत भरायची आणि वरून लिंबातलं आम्ल थेंब थेंब सोडायचं. नुसत्या पाण्याला हा दगड दाद देत नाही. आम्ल मात्र दगडातलं अ‍ॅल्युमिनियम पकडून बाहेर ओढतं, मग बाकीचा दगडही सैल पडतो. खालून येणाऱ्या पाण्यात किती दगड उतरला ते मोजत राहायचं. आकडा स्थिर झाला की प्रयोग संपला, आणि लेक घरी.

म्हणजे दोन वर्षं मी त्या आकड्याच्या नावानं बोटं मोडतेय. शिलाई मशीनवर बसले तरी कान फोनकडे. पण तिला कधी काही बोलले नाही. "माझं झकास चाललंय, तू तुझं काम कर," एवढंच. फोन ठेवला की तिच्या खोलीत जाऊन चादर झटकते. तिथं कोणी झोपत नाही, तरी झटकते. जीव तुटतो हो.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला, आकडा स्थिर झाला! मी लगेच पडदे धुवायला काढले.

पडदे वाळून पुन्हा लागले, तोवर दुसरा फोन. आवाज पडलेला.

"आई, नळीत बुरशी झालीय. तिनंच आम्ल खाऊन टाकलं, म्हणून आकडा थांबला. तो आकडा खोटा आहे."

"मग?"

"मग सगळं पहिल्यापासून. आणखी वर्षभर." मग हळू आवाजात म्हणाली, "तसं अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही. नळी धुऊन टाकली तर..."

माझा तोल सुटला. "मग टाक की धुऊन! खड्ड्यात गेली ती बुरशी आणि खड्ड्यात गेला तुझा दगड! तू ये. मला करमत नाही गं. घर खायला उठतं. ये."

ती हमसून हमसून रडायला लागली. मीही रडले. मग उठून तिच्या उशीला नवा अभ्रा घातला.

सकाळी पुन्हा फोन. "आई, सरांना खरं ते सांगितलं. नवी पूड भरली. या वेळी बुरशी मारायचं औषधही घातलंय."

"अगं कार्टे, मग काल मला विचारलंस कशाला?"

"मी येणार नव्हतेच गं," ती म्हणाली. "पण दोन वर्षांत तू एकदाही ये म्हणाली नव्हतीस. मला वाटायचं, माझ्यावाचून तुझं छान चाललंय."