एकमताने दिलेला पहिला हक्क

“मे महिन्यात पहिला पोरगा आपण निवडणार, की आपल्या जागेवर बसून दुसरंच कुणी?”

क्लबच्या वार्षिक सभेत हा प्रश्न विचारायची माझी हिंमत होणार नाही, असं माझ्या मैत्रिणींनी, जोलीन आणि रीनने, छातीठोकपणे सांगितलं होतं. नववीत असते तर नसतीच झाली. तेव्हा मी हजेरी देतानाही लाल व्हायचे. पण आता अकरावीत आहे, दर शनिवारी चिमुरड्यांना बर्फावर उभं राहायला शिकवते, आणि माझा आवाज रिंकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. उठले आणि विचारला. माईकसुद्धा लागला नाही.

आमचा आइस हॉकी क्लब गावाच्या मालकीचा. माझा डॅड त्याच्या संचालकांपैकी एक, म्हणून तो समोरच्या टेबलामागे बसला होता. त्याने कॉफीच्या कपात असं पाहिलं जणू आत माशी पडलीय.

आमच्या लीगमध्ये दर मे महिन्यात सगळे संघ चौदा-पंधरा वर्षांची पोरं निवडतात, आणि ज्याने निवडलं त्याच्याकडेच पोराला खेळावं लागतं. जो संघ तळाला, त्याचा नंबर पहिला. हा हक्क दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात तयार खेळाडूही घेता येतो. अध्यक्ष वेस प्रोकॉप दोन वर्षांपूर्वी म्हणाला होता, संघ नव्याने बांधतोय, धीर धरा. गावाने धरला. उणे तीसच्या थंडीत गाड्यांची इंजिनं गरम करून लोक हरणारे सामने बघायला आले, बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या पेरोगी खाऊन, टाळ्या वाजवून घरी गेले. कारण या मे महिन्यात माझ्या धाकट्या भावाची, तारासची पाळी होती. असा बचावपटू गावात कित्येक वर्षांत झाला नाही, आणि त्याला घरी राहून गावासाठी खेळायचं होतं. त्याला दुसरं काही नकोच होतं.

जानेवारीत आम्ही लागोपाठ चार सामने जिंकलो आणि संचालकांच्या डोक्यात हवा गेली. या वर्षीचा आणि पुढच्या वर्षीचा पहिला हक्क, नंबर कुठलाही येवो, त्यांनी डोंगरांपलीकडच्या, समुद्रकाठच्या एका संघाला देऊन टाकला. बदल्यात आला ट्रेंट, धडाधड गोल करणारा, वीस वर्षांचा. वीस म्हणजे लीगमधलं शेवटचं वर्ष, वसंत आला की तो जाणारच होता. शिवाय वीस वर्षांचे तीनच खेळाडू ठेवता येतात, आणि आमच्याकडे तिघं आधीच होते. मग एकाला काढलं. कुणाला, तर कॅप्टनला. बाहेरून आलेले खेळाडू गावातल्या घरांत राहतात; हा नेल्सन चार वर्षं आमच्याच तळघरातल्या खोलीत राहत होता. मॉमने त्याच्या बॅगेत पेरोगीचा डबा ठेवला आणि गाडी वळेपर्यंत ती दारात उभी राहिली.

त्यानंतर संघात जीवच उरला नाही. ट्रेंट स्वतःचे गोल मोजत राहिला, पोरं एकमेकांना पास देईनाशी झाली, आणि आम्ही तळाला गेलो. पहिला नंबर आमचा आला, आणि तो आमचा नव्हता. रिंकमधला बर्फ वितळवायच्या आधीच ट्रेंट गाव सोडून गेला.

मला शिसारी आली ती ग्रेव्हीत बुडवलेले बटाटे खात, बोटं चाटत हे सगळं ठरवणाऱ्या माणसांची. पुढच्या वर्षीच्या हक्काचं पोरगं आज तेरा वर्षांचं आहे. ते कोण, हेसुद्धा यांना माहीत नाही, आणि देऊन मोकळे.

वेसने माझ्या प्रश्नावर गोड हसून मान वाकडी केली. “बाळ, सौद्यात धोका असतोच. आणि ठराव एकमताने झालाय. विचार ना तुझ्या डॅडला, अनुमोदन त्याचंच होतं.”

लोक हसले. मला हसू आलं नाही. जानेवारीत जेवताना हाच डॅड म्हणाला होता की मी विरोध केला, पण माझं ऐकतंय कोण. मॉमने तेव्हा त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता.

घरी जाताना गाडीत तो म्हणाला, सगळे हो म्हणत होते, एकट्याने नाही म्हटलं तर बरं दिसलं नसतं. बरं दिसलं नसतं! मी पूर्ण रस्ता खिडकीबाहेर बघत होते.

मे महिन्यात ही निवड बघायला शाळेने वाचनालयात मोठा पडदा लावला. समुद्रकाठच्या संघाने आमच्या हक्कावर पहिलंच नाव घेतलं, तारासचं. पहिला क्रमांक म्हणजे केवढा मान, सगळी शाळा उठून ओरडली. तारास हसला, फोटोही काढू दिले. मग माझ्या कानाशी येऊन त्याने विचारलं, तिकडे गाडीने जायला किती वेळ लागतो. दोन दिवस, मी सांगितलं. सोळावं लागलं की त्याला तिथे परक्यांच्या तळघरात राहावं लागेल.

संध्याकाळी डॅड केक घेऊन आला. वर त्या संघाचं चिन्ह, निळ्या क्रीममध्ये. त्याने तारासची पाठ थोपटली आणि म्हणाला, बघ, शेवटी चांगलंच झालं. तारास ताट तसंच टाकून वर गेला. डॅडने स्वतःसाठी दुसरा तुकडा कापला. मला तो केक बघवेना, आणि त्याचे हातही.

“बसा दोघं,” मी म्हणाले. मॉम ओल्या हातांनीच बसली. “पुढच्या वसंतात मी अठराची होते. क्लबची सभासद होणार आणि संचालकपदाला उभी राहणार. डॅडच्या जागेवर, डॅडच्या विरुद्ध.”

डॅड म्हणाला, “लेस्या, गावात काय म्हणतील?”

“ते मी सभेत ऐकेन. तुला आधी सांगतेय, कारण या घरात आता खरं आधी सांगायचं, असं मी ठरवलंय.”