परत न गेलेल्या बांगड्या

तांदळाच्या कणगीत हात घातला आणि बोटांना चांदी लागली. बाहेर काढून पाहते तर त्याच बांगड्या! मुसाहारींकडची मंडळी मला बघायला आली होती, तेव्हा जाताना त्यांनी ठेवलेल्या. सात दिवसांत परत गेल्या तर नकार, घरात राहिल्या तर होकार, ही आमची रीत. आज आठवा दिवस होता.

मी तशीच बांगड्या घेऊन आईपुढे उभी राहिले.

“आई, तू तर म्हणालीस परत पाठवल्या!”

आई चुलीपाशी सुकी मासळी कुटत होती. तिनं वरसुद्धा पाहिलं नाही. “म्हणाले असेन.”

“म्हणाले असेन? अगं, मी नाही म्हटलं होतं! त्या घरात गेले तर नोकरी सोडावी लागणार. तोंडावर सांगितलंय त्यांनी.”

नऊ वर्षं मी उपकेंद्रात नर्स आहे. पाच गावांतली बाळं माझ्याच हातून लस घेऊन रडली आहेत. ते सोडायचं?

“तेहतीस झाली तुला, दैमालू. आता कोण येणार विचारायला? का त्या लशीच्या डब्याशी लग्न लावू तुझं?”

“पण तू मला फसवलंस.”

तेव्हा मात्र तिनं मुसळ खाली ठेवलं. “बैसागू सणाच्या सभेत माइकवर कोण ओरडतं? ‘बोडो रीत जगवा, नाहीतर आपण संपलो!’ दोखोना नेसल्या नाहीत म्हणून शेजारच्या पोरींना कोण झापतं? आणि आता रीत स्वतःच्या गळ्याशी आली तर ती खोटी होय गं?”

माझेच दात तिनं माझ्या घशात घातले. मी बाहेर आले.

वडील अंगणात बाथौ देवाच्या वेदीभोवतीचं बांबूचं कुंपण बांधत होते. बांगड्या परत न्यायच्या त्या वडीलधाऱ्यांनीच.

“आफा, तुम्ही तरी नेऊन द्या.”

“मुदत गेली, पोरी,” ते म्हणाले आणि गाठ आवळू लागले.

म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं! आईपेक्षा हे जास्त लागलं.

मी सायकल काढली. मुलीनं स्वतः बांगड्या परत केल्याचं आमच्याकडे कुणी ऐकलेलं नाही.

मुसाहारींच्या घरी मुलाची आई मागावर बसली होती. विधवा बाई, एकट्यानं मुलाला वाढवलेलं, आणि तोंडाची अशी फटकळ की तिच्या दारावरून जाताना माणसं खाकरतही नसत. मी बांगड्या तिच्यापुढे ठेवल्या.

ती बघतच राहिली. “काल मुदत संपली. लग्नाच्या जेवणाला डुक्कर सांगून बसलेय मी. सुपाऱ्या आणल्यात.”

“माझ्यापासून लपवलं, मावशी. मला आत्ता कळलं.”

“नोकरीपायी नको म्हणतेस?”

“हो. आणि मला कुणी विचारलं नाही, म्हणूनही.”

आता गाव गोळा करणार, असं मला वाटलं. पण ती मागाकडे वळली. मागावर पिवळा दोखोना हातभर विणून झाला होता, काठाला बारीक नक्षी. कुणासाठी, ते विचारायची गरज नव्हती. तिनं कात्री उचलली.

“अहो, नका!” मी ओरडलेच. अर्धं कापड मागावरून कापताना मी जन्मात कुणाला पाहिलं नव्हतं.

ताणलेलं सूत तटातट तुटत गेलं. तेवढा तुकडा तिनं झटकला, घडी घातली आणि माझ्या हातात दिला.

“घेऊन जा,” ती म्हणाली. “पन्हा तुझ्या उंचीचा धरला होता. दुसरीला बसायचा नाही.”