फेट्याचं गाळणं

सलग तिसऱ्या उन्हाळ्यात माझ्या उजव्या पायातून नारू निघाला, तोही ऐन वखरणीच्या दिवसांत. पांढऱ्या दोऱ्यासारखा तो किडा काडीला गुंडाळायचा आणि रोज बोटभर ओढायचा, तुटू द्यायचा नाही. बैल दावणीला अन् मी बाजेवर काडी फिरवत. गुडघा आखडत चालला होता. सेनगावच्या दवाखान्यातल्या नर्स पद्माबाईंनी तोंडावरच सांगितलं, "बाबूसिंग, आणखी एकदा निघाला तर हा पाय सरळ होईल असं धरून चालू नका. नारू पाण्यातून येतो, पाणी गाळून प्या."

माझी बायको निर्मला ज्याच्या मागं लागते, हात धुऊन लागते. त्या वर्षी ती नारूच्या मागं लागली.

"पर आमी तर पाणी गाळूनच पितो, बाई," ती म्हणाली.

"कशातून गाळता?"

"यांच्या जुन्या धोतरातनं." तिनं ते सोबत आणलंच होतं.

आमच्या तांड्यावर गाळणं जुन्याचंच असायचं. विरलेलं कापड मऊ, पाणी झटकन उतरतं. कोरं कापड घागरीला बांधणारी बाई उधळी ठरायची. पद्माबाईंनी ते धोतर खिडकीत उन्हाकडं धरलं, तर पलीकडचं त्यांचं नाकसुद्धा मला दिसलं.

"नारूचं बी तुमच्या बारवेतल्या बारीक किड्यांच्या पोटात असतं. ते यातून आरामात जातात. घट्ट विणीचं कापड घ्या, दुहेरी. आणि विरलं की बदला."

घरात तसं कापड एकच होतं. लग्नात सासऱ्यांनी आमच्या तांड्याच्या नायकासमोर माझ्या डोक्याला बांधलेला पांढरा फेटा. सणापुरता बांधायचा, एरवी ट्रंकेत. घरी पोचलो न पोचलो तोच ट्रंकेचं झाकण वाजलं.

"निर्मला, त्याला हात लावू नको! माझी इज्जत हाय ती."

"इज्जत ट्रंकेत आन पाय बाजेवर. माझ्या बापानं दिला, मी फाडून राहिले. तुमाला काहून तकलीफ?"

आणि तिनं फाडला. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

तिनं कापड दुहेरी शिवलं आणि आपल्या ओढणीचा एक आरसा उसवून त्याच्या एका बाजूला टाचला. "आरसा आभाळाकडं. उलटं बांधलं तर वरची घाण घागरीत जाईल." गाळणं रोज बारवेपासून लांब धुवायचं आणि कडक उन्हात वाळवायचं. शेतावर जाताना तिथलं पाणी गाळायला खिशात एक तुकडा असायचाच. एकदा तिची नजर चुकवून मी नारूच्या ओल्या जखमेचा पाय घेऊन बारवेत उतरायला लागलो, तर वरून सगळ्यांदेखत ओरडली, "पायातला किडा पाण्यात सोडता का? वर या!" मी आलो. न येऊन सांगतो कुणाला?

दिवाळीला नायकाच्या अंगणात मी डोक्याला टॉवेल गुंडाळून बसलो. थावरा नायक मिशीतल्या मिशीत हसत म्हणाला, "बाबूसिंग, तुझा फेटा तर घागर बांधून राहिली." सगळे खो खो हसले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण घरी येऊन पाणी प्यालो ते त्याच घागरीचं.

पुढचा उन्हाळा आला. सकाळी मी पाय चाचपायला हात न्यावा, तर निर्मलाचा हात आधीच तिथं. चैत्र गेला, वैशाख गेला, फोड काही आला नाही. गुडघा जरा कुरकुरायचा, पण मृगाच्या आधी सगळं रान मी माझ्या पायांनी वखरलं. शेवटचं तास संपलं तेव्हा बैलाच्या मानेला मिठी मारून मी पोटभर हसलो.

त्या आठवड्याच्या बाजाराला निर्मला स्वतःच म्हणाली, "चला, फेटा घेऊ. नायकाच्या बराबरीचा."

सेनगावात पुनमचंद कापडवाल्यानं पांढराशुभ्र फेटा उलगडला. मी तो दारात नेला, उन्हाकडं धरला आणि एक डोळा मिटून पाहिलं. वीण घट्ट होती. त्या सकाळी घागरीवरचं गाळणंही मी असंच पाहिलं होतं. ते विरायला लागलं होतं.

पुनमचंद घडी घालायला लागला.

"थांबा शेठ," मी म्हणालो, "कात्री द्या."

"अवो, काहून?" निर्मला दचकली.

"आधी घागरीला," मी दोन हात कापड मोजलं, "उरंल ते डोक्याला."

तिथंच उभ्या उभ्या तिनं ओढणीचा आणखी एक आरसा उसवायला घेतला.