मुंजाबाच्या हातची चासी

मी एक जुनी चासी आहे. चासी म्हणजे गाडीचा सांगाडा. मोटर, बॅटरी, चाकं, सगळं त्याच्यावर बसतं. माझ्यावर आज यातलं काहीच नाही. पडेगावात मुंजाबाच्या घरी, एका कोनाड्यात मी भिंतीला टेकून उभी असते. बोलायला कुणी नसतं, म्हणून मित्रांनो, आज तुमच्याशी बोलते.

माझा जन्म चिकलठाण्याच्या एका कारखान्यात झाला. तेव्हा शहराभोवती नवे नवे कारखाने उभे राहत होते. शेळ्या-मेंढरं राखणाऱ्या घरातला मुंजाबा तिथं पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेसवर लागला होता. त्याच्या शेजारच्या मशीनवर धोंडिबा असायचा. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं, या मागणीवरून जी दंगल पेटली, तिच्यात गावाकडचं धोंडिबाचं घर जळालं होतं. आईला घेऊन तो शहरात आला आणि नामांतराच्या मोर्चांना जाऊ लागला.

या दोघांची गट्टी जमली ती एका वेडापायी. धोंडिबाला जुन्या बाजारात खेळण्यातल्या विमानाचा रिमोट सापडला होता. त्या रिमोटवर दगडांवर चढणारी गाडी चालवायची, असं त्यांनी मनावर घेतलं. मोटर मिळाली, रबरी चाकं मिळाली. गाडं अडलं ते चासीवर.

"जाड पत्र्याची पायजे. एकदम ताठ," मुंजाबा म्हणायचा.

"ताठ चासी दगडावर चढत नाय गड्या," धोंडिबा म्हणायचा. "तुझ्या शेळ्या बघ. चढताना अंग वळवतेत का नाय?"

शेवटी प्रत्येकाने आपापली चासी बनवायची आणि डोंगरावर दोन्ही चालवून एक निवडायची, असं ठरलं.

साहेबांना विचारून मुंजाबाने भंगारातला जाड पत्रा घेतला. रोज पाळी सुटल्यावर तो मला घडवायचा. कानशीने माझ्या कडा घासायचा आणि डोळे मिटून त्यावरून बोट फिरवायचा. कुठं खुपलं की पुन्हा घासायचा. एवढं प्रेम माझ्यावर नंतर कुणी केलं नाही. धोंडिबाची चासी मात्र हडकुळी होती. दोन पातळ पट्ट्या, पोट वर उचललेलं आणि मधोमध एक खीळ, म्हणजे पुढचा भाग एकीकडे वळला तरी मागचा दुसरीकडे वळेल. तिच्याकडे बघून मला वाटायचं, ही काय माझ्यापुढे टिकणार!

निवडीचा रविवार आला. मुंजाबाने मला चाकं लावली, मोटर बसवली. आपली चासी आणि रिमोट पिशवीत घेऊन धोंडिबा अंगणात आला. पण त्या दिवसांत नामांतरावरून गावोगाव वातावरण तापलं होतं. मुंजाबाचे थोरले चुलते सूर्यभान दारातच आडवे आले.

"आता इकडं येत जाऊ नको," ते धोंडिबाला म्हणाले. "मोर्चेवाल्याला घरात घेता म्हणून गाव बोलतंय आमाला."

धोंडिबाने मुंजाबाकडे पाहिलं. मी मुंजाबाच्या हातात होते. तो मान खाली घालून माझ्या कडेवरून नुसतं बोट फिरवत राहिला.

"बरं," एवढंच म्हणून धोंडिबा परत फिरला. रिमोट त्याच्या पिशवीतूनच परत गेला आणि चाकं माझ्यावर राहिली.

थोड्याच दिवसांत धोंडिबाने वाळूजच्या दुसऱ्या कारखान्यात काम धरलं. दोघांच्या भेटी संपल्या. मी कोनाड्यात जाऊन बसले. पाहुणे यायचे, "लई देखणी गाडी हाय!" म्हणायचे. कुणी चालवून दाखव म्हटलं की मुंजाबा विषय बदलायचा. मित्रांनो, चार चाकं असून वर्षानुवर्षं एका जागी बसणं काय असतं, ते मी भोगलं आहे. रिमोटचा इशारा येईल म्हणून मी वाट पाहायचे. येत होती ती फक्त धूळ.

एकदा मुंजाबा मला पुसत असताना त्याची बायको बानाबाई म्हणाली, "त्या दिशी तुमी गप का ऱ्हायलात?"

"थोरले हायेत ते. काय बोलणार?"

"मंग गाडी तरी कशाला पुसताय?"

त्यानंतर त्याने मला पुसणंही सोडलं.

मग एका संक्रांतीला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं. शहरात बंदोबस्त होता, गावात कुजबुज होती. दोन-चार दिवसांनी बानाबाईने तिळगुळाची पुडी मुंजाबाच्या हातात ठेवली. "जावा. आता नाय गेलात तर कवाच जाणार नाय."

मुंजाबाने मला पिशवीत घातलं. अंगणात सूर्यभान बसले होते. "कुठं निघालास?"

"धोंडिबाकडं," मुंजाबा मोठ्याने म्हणाला. "सांगून चाललोय, काका."

धोंडिबाच्या बायकोने, आशाबाईने, दार उघडलं. धोंडिबा आतून आला, पण तिळगुळाला त्याने हात लावला नाही.

"लई वर्षांनी आठवण झाली."

"त्या दिशी मी बोलायला पायजे होतं," मुंजाबा म्हणाला. "चुकलं माझं. आता गाडीला तुझीच चासी लावू. मी तुझीच निवडली."

"माझं मन राखाया?" धोंडिबाचा आवाज चढला. "मेहरबानीचं काय बी नको मला. चल डोंगरावर. दगडच ठरवंल."

धोंडिबाने जपून ठेवलेली आपली चासी आणि रिमोट काढला, नवी बॅटरी घेतली आणि दोघे लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी गेले. आधी माझी पाळी होती. रिमोटचा इशारा आला आणि इतक्या वर्षांनी माझी चाकं फिरली! मी जीव तोडून चढले. पण एका दगडावर माझं पोट टेकलं आणि चाकं हवेतच गरगरू लागली. पुन्हा लावलं, पुन्हा तेच झालं. मी वाकूच शकत नव्हते.

मुंजाबाने स्वतःच्या हाताने माझी चाकं, मोटर, बॅटरी सगळी काढली आणि धोंडिबाच्या चासीला लावली. तिने दगडागणिक अंग वळवलं, चारही पाय टेकवत ती सरळ दगडांच्या माथ्यावर गेली.

"चढली! व्हय रे, चढली!" मुंजाबा ओरडला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

धोंडिबाने हात पुढे केला. "आण तो तिळगूळ."

मी बाजूच्या मातीत पडून ते पाहत होते. हरल्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण त्या दोघांना शेजारी बसलेलं पाहून बरंही वाटलं.

आता दोघांचे केस पिकलेत. रविवारी ते गाडी घेऊन डोंगरावर जातात, आणि घरात मी एकटी असते. कधी परतल्यावर मुंजाबा मला खाली घेतो, तेलाचा बोळा फिरवतो, कडेवरून बोट फिरवून बघतो आणि परत ठेवतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात निवडीत मागे राहिलेलं काहीतरी असेल. ते भंगारात टाकू नका. अधूनमधून हातात घ्या, धूळ पुसा. पुन्हा धावायचा आमचा हट्ट नसतो. कुणीतरी जीव लावून आपल्याला घडवलं होतं, हे त्या स्पर्शातून पुन्हा कळतं, आणि पुढचा सगळा आठवडा त्यावर निघतो.