पाटावर बसवलेला कंट्रोलर

मी मूळचा गोदाम नंबर दोनमधला वायफायचा डबा बोलतोय. आधीच सांगून ठेवतो, माझा राग अजून गेलेला नाही आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. ज्याच्यावर राग आहे तो राधेश्याम या क्षणी अगदी माझ्याच खाली, खुर्चीत बसून चहा पितोय.

माझा जन्म कुठल्याशा लांबच्या कारखान्यात झाला. त्यातलं मला काही आठवत नाही. आठवतं ते जालना-बदनापूर रस्त्यावरच्या या बियाणे कंपनीपासूनचं. आम्ही चार भाऊ एकाच खोक्यातून आलो आणि चार गोदामांत पत्र्याखाली लटकलो. उन्हाळ्यात तो पत्रा असा तापायचा की पालसुद्धा तिकडे फिरकायची नाही. बियाण्याला लावायच्या औषधाची गुलाबी भुकटी उडून अंगभर बसायची. तरी मी कधी कुरकुर केली नाही.

माझ्या गोदामात कौसल्याबाई कामाला होत्या. हातात स्कॅनर घेऊन त्या थप्पीतल्या प्रत्येक पिशवीचं लेबल वाचायच्या, वाचलेलं मी ऑफिसात पोचवायचो आणि मग गाडी सुटायची. दर शनिवारी त्या शिडी लावून वर यायच्या आणि कोरड्या फडक्याने मला पुसायच्या. "काय रे बाबा, लई गरम हून राह्यलं का?" असं विचारायच्या. एवढ्या मोठ्या कंपनीत मला असं विचारणारं दुसरं कोणी नव्हतं.

आता आमच्या जातीची एक खोड सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आम्हा डब्यांना स्वतःची अक्कल नसते. वीज आली की आम्ही आधी आमच्या कारभाऱ्याला हाका मारतो. त्याला कंट्रोलर म्हणतात. तो ऑफिसातल्या जाळीच्या कपाटात बसतो. त्याने ओ दिली, काय करायचं ते सांगितलं, की आमचा दिवा हिरवा होतो. त्याने ओ दिली नाही तर केशरी दिवा लुकलुकत राहतो, आणि आम्ही बिचारे हाका मारत बसतो.

मागच्या वर्षी खंडेनवमीला सगळी कंपनी बंद ठेवली होती. काटे, चाळण्या, मोटारी, सगळं धुऊनपुसून झालं. कौसल्याबाईंनी आम्हा चौघांना पुसलं आणि हळदकुंकू लावलं. राधेश्याम हा कंपनीचा कॉम्प्युटरवाला. सगळ्यांच्या मशिनी पूजेला बसल्या आणि आपलं काहीच नाही, हे त्याला बघवेना. त्यानेही कपाटातलं एक मशीन काढून पाटावर बसवलं, झेंडूचा हार घातला, पुढे नारळ ठेवला आणि मालक इंद्रभानदादांबरोबर फोटो काढून घेतला.

दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी कंपनी उघडली. चारही गोदामांत आमचे दिवे केशरी. मी हाका मारतोय, भाऊ हाका मारताहेत, कारभारी ओ देत नाही. हरभऱ्याच्या पेरणीचे दिवस, टेंभुर्णीला जायची गाडी दारात उभी, आणि एक पिशवी हलेना.

राधेश्याम शिडीवर चढला. त्याने मला बंद केलं, चालू केलं. वायर ओढली, परत खुपसली. टाचणी घेतली आणि माझ्या पाठीतल्या बारीक भोकात दाबून धरली. तसं दाबलं की आमची कारभाऱ्याशी असलेली ओळख पुसली जाते. मी त्यातून जागा झालो आणि परत हाका मारायला लागलो. मग त्याने मला दोन चापट्या मारल्या. घरच्या टीव्हीलाही हा माणूस असाच मारत असणार.

तेवढ्यात इंद्रभानदादा आले. राधेश्याम शिडीवरूनच म्हणाला, "दादा, म्या कवाच सांगितल्तं, बाईला मशिनीला हात लावू देऊ नका. हिनं ओल्या फडक्यानं पुसलं. पाणी गेलंय आत. चारी मेले."

"दादा, कोरडंच फडकं व्हतं," कौसल्याबाई म्हणाल्या. "थेंबभर पाणी न्हाई लावलं म्या."

"मंग काय आपोआप मेले का?"

दादांनी दारातल्या गाडीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "बाई, उद्यापासून येऊ नका." कौसल्याबाईंनी स्कॅनर थप्पीवर ठेवला आणि जेवणाचा डबा घेऊन निघाल्या. मशीन बिघडवणारी बाई असं एकदा नाव झालं की या रस्त्यावरच्या कुठल्या कंपनीत त्यांना काम मिळणार होतं? मला ओरडायचं होतं. पण मला तर एकच हाक मारता येते, आणि ती ऐकणारा गप्प होता.

राधेश्यामने मला उचकटलं आणि वरूनच खाली टाकलं. फरशीवर पडून माझा एक कान, म्हणजे अँटेना, मोडला. माझ्या जागेवर त्याने कोरा करकरीत डबा लावला आणि कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. नव्याचा दिवा लागला. केशरी. लुकलुक, लुकलुक. कोपऱ्यात मोडका पडलो होतो तरी मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! दादांनी राधेश्यामकडे बघितलं. तो म्हणाला, "हा बी खराब निघाला वाटतं."

मग दादांनी संभाजीनगरहून अर्पिता नावाची इंजिनियर बोलावली. तिने ना चापट मारली, ना टाचणी काढली. माझ्या जागेवरची वायर लॅपटॉपला लावून बघितली आणि म्हणाली, "डबे चांगले आहेत. त्यांना कंट्रोलर सापडत नाहीये. बंद पडायच्या आधी काय हलवलं होतं?"

"काहीच न्हाई," राधेश्याम म्हणाला.

"काहीच न्हाई, ताई," दादाही म्हणाले. "खंडेनवमीची पूजा तेवढी केली. हे बघा, फोटो बी हाय."

अर्पिताने फोटो मोठा करून बघितला. "दादा, हार घालून पाटावर बसलाय ना, तोच कंट्रोलर."

कपाट उघडलं. पूजेनंतर राधेश्यामने त्याची वायर दिसेल त्या रिकाम्या भोकात घातली होती. ते भोक कॅमेऱ्यांचं. कॅमेऱ्यांचा रस्ता वेगळा ठेवलेला असतो, आमची हाक तिकडे पोचत नाही. म्हणजे कारभारी जागा होता, आणि आम्ही भलत्याच गल्लीत बोंबलत होतो. वायर तिच्या भोकात गेली आणि एकेक दिवा हिरवा झाला.

राधेश्यामला काय शिक्षा झाली? काही नाही. दादा म्हणाले, "होतं असं कधीकधी." कौसल्याबाईंना निरोप गेला, त्या परत आल्या. चुकलं असं कोणी म्हणालं नाही. उलट राधेश्याम नव्या हमालांना सांगतच राहिला, "बाईनं पाणी घातल्तं, म्या निस्तरलं." गोदामात नवा डबाच राहिला आणि मला ऑफिसात राधेश्यामच्या टेबलावरच्या भिंतीला ठोकलं, मोडक्या कानासकट. तिथून मी रोज हे ऐकायचो. कौसल्याबाई ऑफिसात यायच्या तेव्हा हात पदराखाली धरून उभ्या राहायच्या. त्यांनी मशिनी पुसणं सोडलं. माझ्या अंगावर धूळ साठत गेली, आणि धुळीबरोबर माझा रागही.

परवा पुन्हा खंडेनवमी झाली. सगळे ऑफिसात जमले. दादा म्हणाले, "कौसल्याबाई, लावा हळदकुंकू."

बाईंनी ताट उचललं आणि सगळ्यांसमोर राधेश्यामच्या पुढे धरलं. "ह्यांनाच लावू द्या. माझ्या हातानं मशीन मरतंय म्हणून सांगत्यात."

राधेश्यामने ताटाला हात घातला, पण बाईंनी ताट सोडलं नाही. "आधी बोला, कुणाच्या हातानं बंद पडल्तं? मंग लावा."

राधेश्यामने दादांकडे बघितलं. दादा खाली बघत होते.

"माझ्या," तो पुटपुटला.

"हमालांना ऐकू न्हाई गेलं."

"माझ्या हातानं बंद पडल्तं!"

बाईंनी ताट काढून घेतलं, खुर्चीवर चढल्या, पदराने मला पुसलं आणि कुंकू लावलं. "काय रे बाबा," एवढंच म्हणाल्या. वर्षभरानंतर.

त्यांनी त्याला माफ केलं असेल, ती माणसं आहेत. मी केलेलं नाही. माझा कान ज्या बाजूने मोडलाय, बरोबर त्याच बाजूला त्याची खुर्ची आहे. दारातल्या शिपायालासुद्धा माझी पूर्ण रेंज मिळते. राधेश्याम मात्र चहा खाली ठेवून मोबाईल इकडे धरतो, तिकडे धरतो. एकच काडी. धर बाबा, धर.