दोन थेंबांची चमक

ताईच्या केसांना काही केल्या रंग धरेना. धाकटीने कानशिलावरची बट पुन्हा ब्रशने माखली, वाट पाहिली, धुतली, तरी बट आपली पांढरी ती पांढरीच. घराच्या पुढच्या खोलीत तिचं पार्लर होतं. एक आरसा, एक वरखाली होणारी खुर्ची आणि केस धुवायचं बेसिन. त्या खुर्चीवर पांढरं डोकं घेऊन बसलेलं कुणी आजवर पांढरं उठलं नव्हतं. आणि आता हसं व्हायचं ते सख्ख्या बहिणीच्या डोक्यावर!

"तुझा रंग शिळा असेल," ताई म्हणाली.

रंगाची ट्यूब धाकटीने तिच्या डोळ्यांदेखत उघडली होती. तिने नुसते दातओठ खाल्ले.

उद्या भावजींचा मेळावा होता. ताईचे यजमान केसांना लावायचं सीरम विकायचे आणि त्यांची जाहिरात म्हणजे ताईचे कमरेपर्यंतचे केस. हॉलमध्ये ताईला दिव्याखाली बसवायचं, मग लोकांनी रांगेने यायचं आणि त्या केसांतून हात फिरवून "अहाहा" करायचं. फक्त या खेपेला कानशिलावरचं पांढरं दिसायला नको, एवढंच धाकटीकडे काम होतं.

"ताई, रंग शिळा नाही. केसांवर थर आहे," धाकटी म्हणाली. "त्या सीरममध्ये सिलिकॉन आहे. ते पाण्याने जात नाही. आज लावलंस, उद्या लावलंस, थरावर थर चढतो. वरून चकचकीत दिसतं, आत ना पाणी शिरत ना रंग. केस आतल्या आत वाळतात गं."

"झालं तुझं पुराण सुरू! यांचा धंदा जरा चालायला लागला की तुझ्या पोटात दुखतं."

हे वाक्य ठरलेलं होतं. पहिली बाटली घरात आली तेव्हापासून धाकटी सांगत होती आणि ताई हेच ऐकवत होती. पालथ्या घड्यावर पाणी. कळवळ्याने सांगावं तर मत्सर ठरतो आणि गप्प बसावं तर केस डोळ्यांसमोर मरतात. कुणी करावं काय?

"थर काढल्याशिवाय रंग बसायचा नाही," धाकटी शेवटी म्हणाली. "काढू की नको, ते तू सांग."

ताईने नाक मुरडलं, पण बेसिनवर मान टेकवली. धाकटीने कडक शाम्पू घेतला, कोमट पाण्याने धुतलं, पुन्हा शाम्पू, पुन्हा पाणी. बोटांखालचा तो बुळबुळीतपणा सुटता सुटेना. शेवटी एकदाचा केस केसासारखा हाताला लागला, पण वाळल्या गवतासारखा. ड्रायरने वाळवल्यावर तर लपवायला काही उरलंच नाही. टोकं फाटलेली, मधेच तुटलेले तुकडे टॉवेलभर पसरलेले आणि डोक्यावर जुनी केरसुणी.

ताई आरशात बघून किंचाळली. "काय केलंस हे? मेले, काय केलंस माझ्या केसांचं?"

"मी काही केलं नाही गं. ते आतून असेच होते."

"येताना कसे होते आणि आता बघ!"

चोर सोडून संन्याशाला फाशी! धाकटीला रडूच कोसळायचं बाकी होतं. ज्याने केस खाल्ले त्याने झाकलेही होते, आणि जिने झाकण उघडलं तीच आता गुन्हेगार ठरली.

तेवढ्यात बाटल्यांचं खोकं काखेत मारून भावजी आत आले. बायकोकडे पाहून ते दारातच थबकले. "अहो मेहुणीबाई, उद्या मेळावा आहे माझा! हे काय करून ठेवलंत?" मग स्वतःच हसले. "बरं, घाबरू नका. औषध माझ्याकडे आहे."

त्यांनी बाटली फोडली, तळव्यावर दोन थेंब घेतले आणि ताईच्या केसांतून हात फिरवला. केरसुणीचं रेशीम झालं. ताईचा जीव भांड्यात पडला. "बघ," ती धाकटीला म्हणाली, "बघ जरा!"

धाकटीने बघितलं. तिला तो टॉवेल दोघांच्या तोंडावर फेकावासा वाटला. पण टॉवेलवर बहिणीचे केस होते, म्हणून तिने तो नुसता घडी करून ठेवला.

भावजी बेसिनवर हात धुवायला गेले. साबण लावला, धुतला, तळवा चोळून पाहिला, पुन्हा साबण लावला. "जात नाही लेकाचं," ते पुटपुटले.

"अहो, वाया कशाला घालवताय?" ताई लाडाने म्हणाली. "स्वतःच्या केसांना पुसा की."

"छे छे! मी नाही लावत हे. निघता निघत नाही, केसांची पार वाट लागते." भावजी हात चोळतच बोलले. मग त्यांचे हात थांबले.

नळ वाहत होता. ताईने आरशातून नवऱ्याचे दाट, राठ, साध्या साबणाने धुतलेले केस पाहिले. बराच वेळ पाहिले. मग तिने टॉवेलची घडी ओढून घेतली, उलगडली, आतले तुकडे बोटाने चाळले आणि परत घडी घातली.

"काप," ती म्हणाली.

"अगं, उद्या..." भावजी म्हणाले.

"उद्या तुम्ही बसा दिव्याखाली. घरी जा आता."

भावजी खोकं तिथेच टाकून निघून गेले. धाकटीने कात्री उचलली. खरं तर तिला आनंद व्हायला हवा होता. पण तेच शब्द ती घसा कोरडा पडेस्तोवर बोलली होती तेव्हा त्यांना कवडीची किंमत नव्हती, आणि त्या माणसाच्या तोंडून ते चुकून सांडले तर ते ब्रह्मवाक्य झाले. पहिली लांब बट फरशीवर पडली. ताईने डोळे पुसले आणि आरशातून तिच्याकडे पाहिलं.

"तू तरी मला आधी सांगायचंस की गं."

कात्री हवेतच उघडी राहिली. धाकटीच्या तोंडाशी कितीतरी आलं.

"मान खाली कर," ती म्हणाली.