ओरखड्यांचा कागद

जयप्रकाशचं काम सांगायला सोपं, करायला किचकट. नागोयाबाहेर जुन्या गाड्यांचं एक यार्ड आहे. तिथं आलेल्या प्रत्येक गाडीभोवती टॉर्च घेऊन फिरायचं आणि कुठं ओरखडा, कुठं पोचा, कुठं गंज, ते सगळं एका कागदावर मांडायचं. कागदावर गाडीचं चित्र छापलेलं असतं, त्यावर खुणा करायच्या. बहुतेक गिऱ्हाईक तिकडं आफ्रिकेत बसूनच तो कागद बघतं आणि गाडी उचलतं. सांगलीच्या गॅरेजात वाढलेला हा गडी, दहावीला दोनदा आपटलेला, पण कागद असा चोख की मालक मात्सुओका-सान डोळे झाकून शिक्का मारायचे.

एक दिवस त्यांनी जयप्रकाशला बोलावलं. आफ्रिकेत ऑफिस उघडायचंय, तीन वर्षं तू सांभाळ. युगांडातलं कंपाला की झांबियातलं लुसाका, तूच ठरव. सोमवारी सांग, आणि कारण लिहून आण.

घरी त्याची बायको विभा पोळ्या लाटत होती. तिनं ऐकलं, लाटणं बाजूला ठेवलं.

"दोन्ही स्थळांची नीट चौकशी करीन. पसंत पडलं तर येईन. नाहीतर मी सांगलीला, तुम्ही जा एकटे आणि बसा ब्रेड चावत."

आता हा माणूस बायकोशिवाय चहासुद्धा धड पीत नाही.

पण नशीब बघा, त्याच आठवड्यात यार्डात दोन जुनी गिऱ्हाईकं आली होती. कंपालाच्या नाकाटोबाई आणि लुसाकाचा मुलेंगा. दरवर्षी यायचे, एकाच गाडीवर बोली लावून कचाकचा भांडायचे, आणि मग जोडीनं रामेनच्या शेवया खायला जायचे. जयप्रकाशनं दोघांना रविवारी घरी पोह्यांना बोलावलं. स्टेशनवर आणायला गेला तेव्हा एकेकाला बाजूला घेऊन हात जोडले. "फक्त चांगलं तेवढं सांगा. माझा संसार तुमच्या हातात आहे."

विभानं सहा जणांचे पोहे केले होते. चार वर्षांत त्या घरात पहिल्यांदा कुणी जेवायखायला येत होतं. बेल वाजवायचे ते फक्त पार्सलवाला आणि गॅसचा मीटर बघणारा. शेजारच्या बाई जिन्यात भेटल्या की कमरेत वाकायच्या, विभाही वाकायची, की झाली शेजारधर्माची हौस.

इंग्रजी-जपानीची खिचडी करून बोलणं सुरू झालं.

"तिकडं लाइट जाते का हो?"

"छे!" दोघं एकदम.

"पाणी?"

"चोवीस तास," मुलेंगा म्हणाला.

"पंचवीस," नाकाटोबाई म्हणाल्या.

"रस्ते?"

"लोण्यासारखे!"

विभानं जयप्रकाशकडं पाहिलं. जयप्रकाश पोह्यातले शेंगदाणे मोजायला लागला.

"अहो," ती म्हणाली, "रस्ते लोण्यासारखे आहेत, तर यांच्या ऑर्डरीत सगळ्यात जास्त शॉकॲब्सॉर्बर का असतात? तुम्हीच सांगता ना रोज?"

मुलेंगाला ठसका लागला. नाकाटोबाईंनी त्याच्या पाठीत दणका घातला.

"दिवसभर गाडीवरचा केसाएवढा ओरखडा कागदावर मांडता," विभाचा आवाज चढला, "आणि बायकोला अख्खा देश दाखवताना रंग मारून दाखवता? लाज नाही वाटत?"

ती उठली. ड्रॉवरमध्ये यार्डाचे कोरे कागद होते, पाठीमागं ती सामानाची यादी करायची. दोन कागद काढले, दोन पेनं काढली, पाहुण्यांसमोर आपटली. "भरा. आपापल्या देशाचे ओरखडे. चहा नंतर."

नाकाटोबाईंनी झरझर लिहिलं. ट्रॅफिक, पावसातला चिखल, अंगावर येणाऱ्या मोटारसायकली. पेन ठेवलं. "बास. बाकी सगळं फर्स्टक्लास. आणि फणस तर इतके की ढकलत चालावं लागतं!"

फणस म्हटल्यावर विभाचा चेहरा पाघळला. जयप्रकाशनं मनात कंपालाची तिकिटंसुद्धा काढली.

मुलेंगा मात्र लिहितच होता. पाऊस कमी झाला की धरण आटतं, मग लाइट दिवसातून काही तासच. धूळ. समुद्र लांब, मासे मिळतात ते तळ्यातले. बोअर आटली तर पाणी विकत. कागद भरला, उलटा केला. मग डोकं खाजवलं आणि अगदी शेवटी, कोपऱ्यात, एक ओळ घातली.

"हे काय?" विभानं विचारलं.

मुलेंगा ओशाळला. "आमच्या आळीतला मोठाच त्रास आहे, वहिनी. शेजारणी न विचारता घरात शिरतात. लाइट गेली की हमखास. शेगडी बाहेर काढली की मक्याच्या वासानं चौघी हजर, आणि उठायचं नाव नाही. आई फार वैतागते."

विभानं कागद जवळ ओढला. तिनं पुन्हा ती ओळ वाचली.

"आमच्याकडंही येतात!" नाकाटोबाई ओरडल्या. "रोज येतात! साखर नेतात, परत देत नाहीत!"

"मग लिहिलं का नाही?"

"तो काय दोष आहे? दे इकडं कागद, अजून पन्नास दोष लिहिते!"

"वेळ संपली," विभा हसत म्हणाली. "फणस खायला मी तुमच्याकडं येईन, न विचारता. अहो, लुसाका."

"अगं, पण तिथं लाइट..."

"मिक्सर लाइट असेल तेव्हा फिरवीन. नसेल तेव्हा खलबत्ता आहे, आणि कुटायला चौघी आहेत."

नाकाटोबाईंनी रागारागानं दोन बशा पोहे आणखी खाल्ले. मुलेंगा जिंकल्यासारखा तिसरा चहा प्याला. त्या दिवशी त्या घरातून एवढं हसू ऐकू आलं की शेजारच्या बाई जिन्यात येऊन कानोसा घेऊन गेल्या म्हणतात.

सोमवारी जयप्रकाशनं मुलेंगाचा कागदच मात्सुओका-सानपुढं ठेवला. म्हातारबांनी चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"जयप्रकाश-सान, हा दोष आहे ना?"

"हाय," जयप्रकाशनं जपानीत होकार दिला.

"आणि निवडीचं कारण?"

"तेच."

मात्सुओका-साननी चष्मा पुसून ती ओळ पुन्हा वाचली. त्यांच्याही घराची बेल कितीशी वाजत असेल, कुणास ठाऊक. मग त्यांनी शिक्का काढला, त्यावर हाः करून फुंकर मारली, आणि नेमका त्या ओळीशेजारी दाबला.

"तिथं पाहुण्यांसाठी खोली आहे का, तेवढं विचारून घे," ते म्हणाले. "मी न सांगता येईन."